बोर्ड जळाला, म्हणून हार्डवेअर सोडू?

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी जुन्या वजनकाट्याचा नऊ पिनांचा सिरियल पोर्ट थेट बोर्डाला जोडला आणि बोर्ड गेला. दुसरा आणून मध्ये व्होल्टेज बदलणारा कन्व्हर्टर टाकला, तर आता स्क्रीनवर नुसता कचरा उमटतो. मित्र म्हणतात, हार्डवेअर सोड, वेब डेव्हलपमेंट शिक. काय करू?

उत्तर : या कारणासाठी तरी सोडू नकोस. तुझी फसगत शब्दाने केली. काट्याचा पोर्ट आरएस-२३२ या जुन्या सिरियल मानकाचा, म्हणजे '१' साठी उणे आणि '०' साठी अधिक व्होल्टेज, तेही ३ पासून १५ व्होल्टपर्यंत. बोर्डाची यूएआरटी पिन (एकेक बिट पाठवणारी-घेणारी) ३.३ व्होल्टची, उणे व्होल्टेज तिला सोसतच नाही. लोक मात्र दोन्हींना 'सिरियल'च म्हणतात!

आता कचऱ्याकडे बघ. काहीतरी येतंय, म्हणजे काट्याची टीएक्स (पाठवणारी तार) तुझ्या आरएक्सपर्यंत (ऐकणाऱ्या पिनेपर्यंत) पोचली आहे. तारा उलट असत्या तर स्क्रीन कोरी राहिली असती. खात्रीसाठी काटा काढून कन्व्हर्टरच्या २ आणि ३ नंबरच्या पिना एकमेकींना जोड आणि काहीही टाइप कर. तेच परत आलं की बोर्ड आणि कन्व्हर्टर दोन्ही ठीक. मग संशय बॉड रेटवर, म्हणजे सेकंदाला किती बिट जातात त्यावर. काटा ९६०० ने बोलत असेल तर त्याचा एक बिट १०४ मायक्रोसेकंद टिकतो. तू ११५२०० ने ऐकत असशील तर बोर्ड तेवढ्या वेळात बारा बिट मोजतो. रेट जुळूनही अक्षरं विचित्र दिसली तर डेटा बिट (एका अक्षराला किती) आणि पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) तपास. जुनी यंत्रं कधीकधी सात बिट आणि सम पॅरिटी वापरतात. ग्राउंडची तार सैल नाही ना, तेही बघ.

हे वाचताना कंटाळा आला असेल तर मित्रांचं ऐक, खरंच. एम्बेडेडमधला, म्हणजे यंत्रांच्या आतल्या बोर्डांच्या कामातला, बराचसा दिवस असाच जातो. पण 'आत्ताच करून बघतो' असं वाटलं असेल, तर सी भाषा पक्की कर, डेटाशीट (चिपचं माहितीपत्रक) वाचायची सवय लाव आणि तिसऱ्या बोर्डाऐवजी साधा लॉजिक ॲनालायझर (तारांवरचे सिग्नल दाखवणारं उपकरण) घे. आयटूसी, एसपीआय या चिप एकमेकींशी बोलायच्या पद्धती त्यावर डोळ्यांनी दिसतात. मुलाखतीत जळालेला बोर्ड लपवू नकोस. तो का जळाला हे सांगणारा उमेदवार मला तरी जास्त आवडेल.

वेब वाईट नाही, पुढे काट्याचे आकडे दाखवायला लागेलच. आधी काट्याचं मॅन्युअल शोध आणि बॉड रेट किती निघाला ते कळव.