डॉक्टरचा पुनर्जन्म, अवतार की कायापालट?

फोंड्याहून एका वाचकाने विचारलं आहे : आम्ही काही मित्र बीबीसीची 'डॉक्टर हू' ही मालिका बघतो आणि तिच्यावर मराठीतच वाद घालतो. मरणाच्या दारात पोचलेला तिचा नायक, डॉक्टर, नवा चेहरा, नवा देह घेऊन उठतो, त्याला इंग्रजीत 'रीजनरेशन' म्हणतात. आमच्यातला एक त्याला पुनर्जन्म म्हणतो, दुसरा अवतार. बरोबर कोण? आणि डॉक्टर बाई झाल्यावर क्रियापद कुठलं लावायचं?

दोघांचंही बरोबर नाही, असं माझं मत. पण आधी एक गंमत सांगतो. हा प्रश्न खुद्द मालिकेलाही पडला होता. १९६३ साली मालिका सुरू झाली तेव्हा डॉक्टर देह बदलतो हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना, म्हणून १९६६ मध्ये त्यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन आले आणि कथेत त्याला काहीतरी कारण देणं भाग पडलं. तेव्हा ट्राउटनच्या तोंडी शब्द होता 'रिन्यूड'. 'रीजनरेशन' हा शब्द आला १९७४ मध्ये, जॉन पर्टवी जाऊन टॉम बेकर आले तेव्हा. म्हणजे इंग्रजीलाच नेमका शब्द सापडायला आठ वर्षं लागली. आपण चार दिवस भांडलो तर काय बिघडलं?

'पुनर्जन्म' चटकन बाद होतो. पुनर्जन्माला आधी मरण लागतं, मग गर्भवास, मग बाळपण, आणि मागचं सगळं विसरणं. डॉक्टरला मागचं सगळं आठवतं. डेव्हिड टेनंटचा डॉक्टर तर उठल्या उठल्या नवे दात कसे विचित्र लागतात यावर शेरा मारतो. जीवशास्त्रातलं 'पुनर्जनन'ही नको. पालीला तीच शेपटी परत फुटते, डॉक्टरला जुना चेहरा परत मिळत नाही. (टेनंटचा चेहरा डॉक्टरला पुन्हा मिळाला हे मला ठाऊक आहे, पण त्याचं नवल खुद्द डॉक्टरलाच वाटलं होतं.)

'अवतार' म्हणणाऱ्या मित्राची बाजू जास्त भक्कम आहे. जत्रेत रात्रभर दशावतारी नाटकं बघितलेल्या गोंयकाराला हाच शब्द आधी सुचणार. शिवाय परशुराम आणि राम समोरासमोर येतात, तसे १९८३ मध्ये आणि पुढे २०१३ मध्ये पन्नासाव्या वाढदिवसाला अनेक डॉक्टर एकत्र आले. पण अवतार म्हणजे खाली उतरणं. उतरणारा वर कुठेतरी असतोच. डॉक्टरच्या मागे असं कुणी मूळ रूप नाही, जो दिसतो तोच तो. दुसरी अडचण आकड्याची. आपले अवतार दहावर थांबतात, त्यामुळे 'अकरावा अवतार' म्हटलं की ती टवाळी वाटते. आणि बोलीत 'हा काय अवतार?' म्हणजे काय ते आई घरात रोज सांगते. आदल्या डॉक्टरचे ढगळ कपडे घालून धडपडणाऱ्या नव्या डॉक्टरला तेवढं वाक्य मात्र जरूर लावा.

'परकायाप्रवेश'ही कुणी सुचवेल. तो दुसऱ्याच्या देहात होतो, इथे दुसरा देह नसतोच. पण हा शब्द फेकू नका. १९८१ च्या एका कथेत 'मास्टर' नावाचा डॉक्टरचा वैरी ट्रेमास नावाच्या भल्या माणसाचा देह बळकावतो. तो चोख परकायाप्रवेश आहे.

'कायाकल्प' जवळ येतो. आयुर्वेदातल्या कुटीप्रावेशिक विधीत माणूस कुटीत शिरतो आणि नवं शरीर घेऊन बाहेर पडतो, असं वर्णन आहे. डॉक्टर ज्यातून फिरतो ती टार्डिसची निळी पेटी आठवल्याशिवाय राहत नाही. पण कल्पाने तारुण्य परत यायला हवं. इथे तशी हमी नाही. मॅट स्मिथची निवड झाली तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता आणि त्याच्यानंतर आलेले पीटर कपाल्डी पंचावन्न वर्षांचे.

राहिला 'कायापालट'. बसस्थानकांचे आणि बाजारपेठांचे कायापालट छापून छापून वर्तमानपत्रांनी तो पार झिजवला, म्हणून आपण त्याच्याकडे नीट बघत नाही. 'पालट'चे जोडशब्द तपासा. हवापालटात हवा बदलते, माणूस तोच. रुचिपालटात चव बदलते, जीभ तीच. पीकपालटात पीक बदलतं, शेत तेच. पालटात काय बदललं ते आधी येतं आणि ज्याचं बदललं तो शाबूत राहतो. डॉक्टरच्या बाबतीत नेमकं हेच घडतं.

स्वभावही बदलतो त्याचं काय, असं विचाराल. बदलतो. २०१० मध्ये मॅट स्मिथचा डॉक्टर सफरचंद, दही, बेकन, बीन्स सगळं थुंकून टाकतो आणि शेवटी माशांच्या कांड्या कस्टर्डमध्ये बुडवून खातो. कायापालटामागोमाग रुचिपालट आलाच. (मासे ठीक, पण कस्टर्ड?)

हा शब्द क्रियापदांनाही वाकतो. एरवी कायापालट 'होतो'. १९६९ मध्ये टाइम लॉर्ड्सनी, म्हणजे डॉक्टरच्याच जमातीने, शिक्षा म्हणून डॉक्टरचं रूप बदलायला लावलं, तिथे कायापालट 'घडवला'. कपाल्डींच्या डॉक्टरने तो 'रोखून धरला'. १९७६ मध्ये ठरलं की टाइम लॉर्डला बाराच कायापालट मिळतात, म्हणजे देह तेरा. २०१३ मध्ये डॉक्टरला नवा साठा मिळाला. २०२३ मध्ये टेनंटच्या डॉक्टरमधून एन्कुटी गात्वाचा डॉक्टर वेगळा झाला आणि दोघेही उरले. त्याला शब्द घडवायच्या भानगडीत पडू नका, कायेला फाटा फुटला म्हणा.

एक गल्लत मात्र तुमच्या पत्रातही दिसते. तुम्ही लिहिता, 'टेनंटचं रीजनरेशन झालं आणि स्मिथ आला.' टेनंटचं काही झालं नाही, तो धडधाकट घरी गेला. इंग्रजीत कथेतली घटना आणि नट बदलणं एकाच शब्दाखाली खपतं. मराठीत दोन शब्द तयार आहेत. कथेत डॉक्टरचा कायापालट होतो, मालिकेत नटांचा खांदेपालट होतो. मंत्रिमंडळामुळे खांदेपालट म्हटलं की खाती आठवतात, पण शब्द पालखीच्या भोयांचा आहे. पालखी पुढे चालत राहते, खाली ठेवत नाहीत, खांदे तेवढे बदलतात. १९८९ मध्ये मात्र पालखी खाली ठेवली होती. २००५ मध्ये ती पुन्हा उचलली, त्याला 'पुनरुज्जीवन' म्हणावं.

आता क्रियापद. २०१७ च्या नाताळात कपाल्डींच्या जागी जोडी व्हिटकर आली. ज्या क्षणी जो देह, त्या क्षणी ते लिंग, हा नियम पाळा. 'डॉक्टर कोसळला आणि उठली' हे वाक्य कानाला कितीही टोचलं तरी त्या प्रसंगापुरतं शुद्ध आहे. आदरार्थीने सुटका होत नाही, तिथेही 'आले' की 'आल्या' हे ठरवावंच लागतं. कोकणीत तरुण मुलीला 'तें आयलें' म्हणतात, पण ते नपुंसकलिंग इथे कामाचं नाही. सगळ्या डॉक्टरांविषयी एकदम बोलायचं असेल तर मराठीच वाट काढून देते. 'डॉक्टरने पृथ्वी वाचवली' यात क्रियापद पृथ्वीच्या मागे जातं. 'डॉक्टर येईल' आणि 'डॉक्टर बंदूक धरत नाही' यांतही बाई की पुरुष ते कळत नाही.

क्रमांकांचं मात्र जपा. 'मला दहावा आवडतो', 'तेराव्याला मजा आली' अशी वाक्यं शेजारच्या काकूंनी ऐकली तर त्या कोण गेलं म्हणून विचारायला येतील. पुढे 'डॉक्टर' हा शब्द जोडाच, आणि व्हिटकर असेल तर 'तेरावी डॉक्टर'. नाहीतर दशावतारी रसिक 'अमक्याचा दुर्योधन' म्हणतात तसं 'टेनंटचा डॉक्टर', 'कपाल्डींचा डॉक्टर' म्हणा.