डोक्यात धुकं? आधी गोळ्यांच्या वेळा बघा

ताई, शब्द ओठांवर येऊन अडकतो, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते आठवत नाही, म्हणून वेड लागतंय असं समजू नका. फायब्रोमायल्जियात, म्हणजे अंगभर सतत दुखत राहण्याच्या आजारात, हे इतकं सर्रास दिसतं की त्याला 'फायब्रो फॉग' असं नावच पडलंय. दुखणं सतत लक्ष स्वतःकडे ओढत राहतं. उरलेल्यात हिशोब, गप्पा, निरोप सगळं बसवायचं. त्यात झोप होऊनही सकाळी ताजंतवानं वाटत नाही.

औषधांकडेही बघा. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन यांनी गुंगी येऊ शकते. कोणती गोळी किती वाजता घेतली आणि डोकं कधी जड झालं, हे आठवडाभर कॅलेंडरवर लिहा नि ते पान डॉक्टरांपुढे ठेवा. आपल्या मनानं मात्र काही बंद करू नका. प्रीगॅबालिन तर हळूहळूच कमी करतात. थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासलंय ना? शाकाहारी असाल तर बी-१२ सुद्धा.

बँकेची कामं डोकं चालतं त्या वेळेला ठेवा. घरचे 'लक्ष कुठंय तुझं' म्हणणारच (आमच्याकडे अजून म्हणतात). निरोप तोंडी नको, व्हॉट्सॲपवर टाका म्हणावं.

पण अचानक बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, तर ते धुकं नव्हे. लगेच हॉस्पिटल गाठा.