पीएचडी करताना चॅटजीपीटी वापरलं तर चालतं का? गाईडला सांगावं का?

वापरा की, पण गाईडला आधी सांगा, नंतर कळलं की विश्वास जातो आणि तो परत मिळवणं फार अवघड असतं. मी एमएला शिकवतो, पीएचडीचे विद्यार्थी गाईड करतो, त्यामुळे हा प्रश्न सारखाच समोर येतो.

माझ्या मते जे उत्तर स्वतः तपासता येईल तेवढंच त्याच्याकडून घ्यावं. कोडमधली एरर कळत नाहीये, इंग्रजी वाक्य अडखळतंय, बिनधास्त विचारा. लिटरेचर रिव्ह्यू मात्र त्याच्यावर सोडू नका. एका विद्यार्थिनीच्या ड्राफ्टमध्ये एक रेफरन्स होता, लेखक खरे, त्याच विषयातले, जर्नल खरं, व्हॉल्यूम, पान नंबर सगळं जागच्या जागी, पण डीओआय, म्हणजे पेपरचा ऑनलाइन ओळख क्रमांक, टाकला तर भलताच पेपर उघडला आणि त्या अंकात त्या पानांवर दुसऱ्याच कोणाचा लेख, म्हणजे तो पेपर कुणी लिहिलेलाच नव्हता! हे मॉडेल पुढे कुठला शब्द येईल याचा अंदाज बांधत लिहितं, त्यामुळे रेफरन्ससारखं दिसणारं काहीही ते सहज तयार करतं. सर्च जोडलेल्या टूल्समध्ये पेपर बहुतेकदा खरा असतो, पण ते जे म्हणतं ते त्या पेपरात असेलच असं नाही. पेपर उघडून वाचावाच लागतो.

मजकूर एआयने लिहिलाय का ते ओळखणाऱ्या डिटेक्टरच्या भीतीने वापर लपवू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचाच डिटेक्टर २०२३ च्या जुलैमध्ये अचूकता कमी म्हणून बंद केला. त्याच वर्षीच्या स्टॅनफर्डच्या एका अभ्यासात, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून जास्त निबंध डिटेक्टरांनी एआयचे ठरवले होते. गाईड लोकांनो, डिटेक्टर दाखवतो त्या टक्क्यावरून कृपया कोणाला दोषी ठरवू नका, समोर बसवून दहा मिनिटं त्याच्याच चॅप्टरवर प्रश्न विचारा, सगळं कळतं. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही जुने ड्राफ्ट, व्हर्जन हिस्टरी जपून ठेवा.

पेपर पाठवताना एआय कशासाठी वापरलं ते लिहा, नेचर या जर्नलने २०२३ च्या जानेवारीतच सांगितलंय की एआय लेखक होऊ शकत नाही आणि वापर केला तर तो नमूद करायचा. अजून एक, मुलाखतींच्या ट्रान्सक्रिप्ट त्यात टाकू नका, लोकांनी ती संमती तुम्हाला दिलीये, कुठल्या कंपनीच्या सर्व्हरला नाही.