बुश नवे टाकले, तरी परत खडखड का?

प्रश्न : काका नमस्कार, माझी २००९ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, रोज दांडिया बाजार ते मकरपुरा जीआयडीसी जाणं-येणं, कधीतरी रविवारी पावागड. मागच्या दिवाळीत पुढून आवाज यायला लागला म्हणून गॅरेजवाल्याने दोन्ही लोअर आर्मचे बुश बदलून दिले, दोन-तीन महिने गाडी मस्त चालली आणि मग परत तेच, गतिरोधकावरून उतरताना खट् असा आवाज, आणि ब्रेक मारला की स्टेअरिंग जरा डावीकडे जातं. आता तो म्हणतो शॉकअप बदला, दुसरा म्हणतो अख्खे आर्मच टाका. कोणाचं ऐकू? – एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : आत्ता लगेच शॉकअपवर पैसे घालू नका. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला जाते ना, ते आधी बघा. लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा लोखंडी हात, आणि बुश म्हणजे तो सांगाड्याला जोडतो तिथली रबरी गादी. ब्रेक दाबला की चाक मागे ढकललं जातं आणि आर्मचा मागचा मोठा बुश फाटलेला असला तर आर्म तेवढा सरकतो, चाकाचा कोन बदलतो, स्टेअरिंग खेचतं. (ब्रेकचे पॅड दाबणारा कॅलिपर जाम झाला तरी गाडी खेचते, म्हणून ब्रेक पण एकदा उघडून बघायला सांगा.) बुश खरंच गेलाय का ते ओळखायला गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावायचा, नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी खाली शिरायचं नाही, आणि आर्मजवळ टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, लावून हळूच रेटायचं. थोडं रबर दबतं ते ठीक आहे, पण आर्म खटकन हलला किंवा रबर लोखंडापासून सुटलेलं दिसलं तर बुश गेला.

आता नवे बुश इतक्या लवकर का गेले? माल हलका असू शकतो, पण मला जास्त शंका बोल्ट आवळण्याच्या पद्धतीची येते. ही गोष्ट आपल्याकडे फार ठिकाणी चुकते आणि गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सस्पेन्शनचा बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी आणि मधे दोघांना चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमधे घट्ट पकडली जाते, आणि चाक वर-खाली झालं की फक्त रबर पिळलं जातं आणि सोडलं की परत जागेवर येतं. गाडी लिफ्टवर असते तेव्हा चाकं खाली लोंबत असतात, आर्म पण खाली वाकलेला असतो. मेकॅनिक तसाच फुल टाइट करतो आणि गाडी खाली सोडतो, म्हणजे आर्म वर आला पण नळी तिथेच अडकली, रबर पिळलेलं. गाडी रात्रभर घरासमोर उभी असली तरी रबर पिळलेलंच राहतं आणि त्यात सकाळी लालबागच्या बाजूला खड्डा आला की आणखी पिळ बसतो. असं रबर किती टिकणार!

म्हणून बोल्ट आधी हाताने लावून ठेवायचे आणि गाडीचं वजन चारही चाकांवर आल्यावरच शेवटचा टाइट द्यायचा, तोही टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना), कंपनीच्या मॅन्युअलमधे दिलेल्या आकड्यावर. गॅरेजमधे खाली उतरून काम करायचा खड्डा किंवा गाडी चाकांवर उभी राहते असा रॅम्प असेल तर सोपं. नसेल तर आर्मच्या टोकाशी, बॉल जॉइंटजवळ (आर्म चाकाकडे जोडतो तो सांधा), जॅक लावून आर्म वर उचलतात, गाडी स्टँडवरून जेमतेम उठेपर्यंत. तुमचं रबर अजून फाटलं नसेल तर नुसते बोल्ट सैल करून गाडी जमिनीवर असताना परत आवळले तरी आवाज थांबू शकतो, म्हणून आधी हे करून घ्या, खर्च फक्त मजुरीचा.

फाटलं असेल तर मात्र दुसऱ्या मेकॅनिकचं ऐका. तुमची गाडी इतकी जुनी आहे की बॉल जॉइंटही थकलेला असणार, आणि चांगल्या कंपनीचा अख्खा आर्म बुश बसवूनच येतो. फक्त बुशच बदलायचा असेल तर हायड्रॉलिक प्रेस असलेल्याकडेच जा. हातोडीने ठोकून बसवला की बाहेरचं कडं वाकतं. मागच्या मोठ्या बुशच्या रबरात बऱ्याच गाड्यांमधे पोकळी असते, ती ठरलेल्या दिशेलाच यायला हवी, म्हणून जुना काढायच्या आधी आर्मवर खूण करायला लावा. डावं-उजवं एकदमच बदला आणि नंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून, करून घ्या, नाहीतर टायर एकाच कडेने खातील. पॉलियुरेथेनचे कडक बुश कोणी सुचवले तर रोजच्या गाडीला मी नको म्हणेन, हादरे जास्त येतात.

आणि हो, बारीक खड्ड्यांवर कटकट येत असेल तर आर्मच्या आधी स्टॅबिलायझरची (वळताना गाडी कलू न देणारा दांडा) लिंक आणि त्याचे बुश बघा, ते स्वस्त पण आहेत.

प्रश्न : ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात गाडी दोन दिवस पाण्यात होती. बुश खराब झाले असतील का? वॉशिंगवाला खालून डिझेल मारून देतो म्हणतो, त्याने गंज लागत नाही म्हणे. – एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : दोन दिवसांच्या पाण्याने रबराला विशेष काही होत नाही, पण बोल्ट बुशच्या नळीत गंजून जाम होतात. बुश बदलायची वेळ येईल तेव्हा आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवायला सांगा, आणि नवे बोल्ट-नट आधीच मागवून ठेवा. डिझेल मात्र मारू देऊ नका. डिझेल किंवा इंजिन ऑइल लागलं की रबर फुगतं, मऊ पडतं आणि चिरतं. बुश कुरकुरत असेल तर साधं ग्रीसही नको, फक्त सिलिकॉनचं. गाडी खालून साध्या पाण्याने धुवून घ्या, आणि चाकांच्या बेअरिंगचा आवाज येतोय का ते या आठवड्यातच बघून घ्या, पुराच्या पाण्याचा त्रास त्यांना जास्त होतो.