नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात छोट्या कामाला इलेक्ट्रिशियन कसा शोधायचा

ताई, सासूबाई एकट्या राहतात, मिक्सर लावला की किचनचा बोर्ड गरम होते आणि कूलरसाठी एक पॉइंट काढायचा आहे, तीन जण येतो येतो म्हणून आले नाहीत, असं तुम्ही लिहिलं. आधी तो किचनचा पॉइंट आजपासून बंद. मिक्सर 500-750 वॅटचा असते, तेवढ्यानं चांगला पॉइंट गरम होत नाही, आत जोड ढिला आहे किंवा वायर जळत आली आहे.

आता माणूस. एका स्विचसाठी कोणी येत नाही कारण त्याचा अर्धा दिवस जाते, अन् होळीनंतर नागपुरात सगळे कूलर काढतात तेव्हा तर फोनही उचलत नाहीत. म्हणून घरातली सगळी बारीक कामं जमा करा, बेल, पंख्याचा रेग्युलेटर, बाथरूमचा होल्डर, सगळं एकदाच सांगा आणि व्हिजिट चार्ज किती तो आधीच विचारून नीट द्या. आणि घराजवळच्या इलेक्ट्रिक दुकानात जाऊन काउंटरवरच्या काकांना विचारा, "लाकडी पट्टीच्या वायरिंगचं काम केलेला कोण आहे?" हे असंच विचारा, नुसतं इलेक्ट्रिशियन पाहिजे म्हटलं तर नवीन फ्लॅटमधे पाइप टाकणारा पोरगा पाठवतील. मी तीच चूक केली होती. पोरानं बोर्ड उघडला, स्विच बदलला, दहा मिनिटात गेला, पंधरा दिवसात नवीन स्विच पण वितळला. मग एक वयस्क वायरमन आले, त्यांनी स्विचकडे पाहिलंच नाही, मागची वायर ओढून पाहिली तर ती ॲल्युमिनियमची आणि तिला कॉपर पीळ मारून नुसती टेप लावलेली. तिथंच गरम होऊन राहिलं होतं.

तेव्हापासून मी हेच पाहतो की माणूस भाव आधी सांगते की बोर्ड आधी उघडते. बोर्ड आधी उघडणारा, अन् तोही मेन बंद करून, मग टेस्टर लावून खात्री करणारा असला तर ठेवा. जुन्या घरात चिनी मातीचे फ्यूज फेजला एक आणि न्यूट्रलला एक असे दोन असतात, न्यूट्रलचा उडाला की लाइट बंद दिसते पण वायरमधे करंट असतेच, हे ज्याला माहीत नाही त्याला हात लावू देऊ नका.

कूलरबद्दल मात्र जरा जास्तच सांगतो कारण लोखंडी बॉडी, खाली पाणी, आणि दर उन्हाळ्यात आपल्या विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. जुन्या घरांत अर्थिंग नळाच्या लोखंडी पाइपला जोडलेलं असायचं, मग कधीतरी प्लंबरनं प्लॅस्टिकचा पाइप टाकला आणि अर्थिंग तिथंच संपलं, थ्री पिन सॉकेट भिंतीवर दिसते पण वरचं मोठं भोक कुठंच जोडलेलं नसते. हे त्याला तपासायला लावाच. पॉइंटला अडीचची (अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) कॉपर वायर, आयएसआय मार्कवाली, आणि मेनला 30 मिलीॲम्पियरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की आपोआप ट्रिप होऊन लाइट बंद करणारा स्विच. अर्थिंग नसलं तरी माणसाच्या अंगातून करंट गेला की ती ट्रिप होते, पण अर्थिंग असलं तर आपला हात लागायच्या आधीच होते, म्हणून दोन्ही पाहिजे. जुन्या वायरिंगमधे बरेचदा लीकेज, म्हणजे करंटची गळती, असते त्यामुळे सुरवातीला ती ट्रिप होऊ शकते, तेव्हा "काढून टाकू का" म्हणणाऱ्याला तिथूनच परत पाठवा, लीकेज शोधणाराच आपला माणूस.

मीटरच्या सीलला कोणालाही हात लावू देऊ नका, ते महावितरणचं काम. आणि मेन बोर्ड बदलायची वेळ आली तर वायरमनचा परवाना मागून पाहा, मागायला लाजू नका, ज्याच्याकडे असते तो लगेच दाखवते.

काम झाल्यावर कोणता फ्यूज कोणत्या खोलीचा ते त्याच्याकडून बोर्डावर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहून घ्या आणि मेन कसा पाडायचा ते सासूबाईंना त्याच्यासमोर दोनदा करायला लावा. कूलरमधे पाणी टाकताना आधी प्लग काढायचा, हे पण तेव्हाच सांगून ठेवा.