टॉम किंगवरच्या चर्चेआधी

दांडिया बाजार, बडोदे

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या प्रास्ताविकाचा मसुदा लक्षपूर्वक वाचला. येत्या रविवारी वाचक मंडळात टॉम किंग या अमेरिकी चित्रकथा-लेखकावर जी चर्चा ठेवली आहे, तिचे सूत्रसंचालन तुझ्याकडे आले हे योग्यच झाले. मात्र मसुद्याचा पहिलाच प्रश्न तू 'टॉम किंग थोर की सुमार' असा घातला आहेस, तो काढून टाकावास असे मला वाटते. त्या प्रश्नावर हात वर करवून मते मोजता येतात, चर्चा होत नाही. एका बाजूला त्याची 'मिस्टर मिरॅकल' ही मालिका वाचून भारावलेली मंडळी बसतील, दुसऱ्या बाजूला वॉली वेस्ट या वीरावरच्या अन्यायाचा जाब मागणारी, आणि चहा येईपर्यंत दोन्ही बाजूंचा आवाज चढलेला असेल. आपले मंडळ तसेही आवाज चढवायला मागे नाही. गेल्या खेपेला बॅटमॅनच्या मुलावरून काय झाले ते तू पाहिलेच आहेस.

लेखकाच्या चरित्राला दीड पान दिले आहेस, ते चार ओळींवर आण. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर तो सीआयएत दाखल झाला, दहशतवादविरोधी विभागात त्याने काम केले आणि पुढे नोकरी सोडून लेखनाकडे वळला, एवढे पुरे. या एका गोष्टीमुळे काही जण त्याला डोक्यावर घेतात, तर काही जण त्याचे पुस्तक हातात धरायलाही तयार होत नाहीत. दोघांनाही कागदावर काय उतरले आहे ते दाखवायला सांग. 'शेरिफ ऑफ बॅबिलॉन' ही अमेरिकी ताब्यातल्या बगदादची कथा आहे, तिथे त्याची नोकरी जागोजागी जाणवते आणि तिथे चरित्र काढणे रास्तच आहे. प्रत्येक गोष्टीत मात्र सीआयए शोधत बसलो, तर ते वाचन राहत नाही, चौकशी होते.

आता मुख्य मुद्दा. तू 'किंगचे चांगले लेखन' आणि 'किंगचे वाईट लेखन' असे दोन ढीग केले आहेस, आणि जणू दोन वेगळ्या माणसांनी ते लिहिले असावे अशा सुरात त्यांविषयी बोलतेस. माझे मत असे की दोन्ही ढिगांतली हातोटी एकच आहे. पात्रे एकमेकांची वाक्ये परत परत उच्चारतात. पान नऊ सारख्या चौकटींत कापलेले असते. मारामारी चालू असताना बोलणे घरगुती असते. आणि ज्याला आपण वीर म्हणून ओळखतो तो आतून मोडलेला असतो. 'मिस्टर मिरॅकल'चा सहावा अंक घे. नायक स्कॉट फ्री आणि त्याची बायको बार्डा सशस्त्र पहाऱ्यातून, सापळे चुकवत आणि सैनिकांना लोळवत पुढे चालले आहेत, आणि त्या सगळ्या वाटेवर त्यांचे बोलणे फक्त घराची रचना कशी बदलायची याविषयी चालू आहे. हा विनोद लांबत चालला असे वाटू लागते, तेव्हा अंकाच्या शेवटी कळते की बार्डाला दिवस गेले आहेत आणि घर बदलण्याची घाई त्यासाठी होती. तीच मालिका पुढे नेताना किंग विश्वाचा काळ मानल्या गेलेल्या डार्कसाइडला दिवाणखान्यात आणतो, आणि तो महाराक्षस ताटलीतले गाजर उचलून चटणीत बुडवून खातो. जॅक कर्बीने १९७०-७१ मध्ये निर्माण केलेल्या पात्रांशी इतकी सलगी करण्याचे धाडस चित्रकार मिच जेराड्सच्या संयमाशिवाय साधले नसते.

'द व्हिजन'मध्येही हेच घडते. २०१५ साली सुरू झालेल्या या बारा अंकांच्या मालिकेत एक यंत्रमानव स्वतःसाठी पत्नी आणि दोन मुले तयार करतो आणि आर्लिंग्टनच्या एका उपनगरात बिऱ्हाड करतो. पहिल्याच अंकात शेजारचे जोडपे बिस्किटे घेऊन भेटायला येते, इकडच्या तिकडच्या गप्पा होतात, आणि निवेदक अगदी शांतपणे सांगून टाकतो की पुढे या कुटुंबातले कोणीतरी या जोडप्याचे घर पेटवून देणार आहे. पुढचे सगळे अंक आपण त्या एका वाक्याच्या धाकात वाचतो. २०१७ मध्ये चित्रकथांसाठीच्या आयस्नर पुरस्कारांत सर्वोत्तम मर्यादित मालिका म्हणून तिची निवड झाली, पुढच्या वर्षी सर्वोत्तम लेखकाचा मान किंगला मार्जोरी लिऊ हिच्याबरोबर वाटून मिळाला, आणि २०१९ मध्ये 'मिस्टर मिरॅकल'लाही तोच मालिकेचा पुरस्कार मिळाला. पुरस्कारांचा उल्लेख एकदा कर आणि पुढे जा; वादात तो हत्यार म्हणून कोणी काढला तर थांबव.

मग ज्या हातोटीसाठी इथे टाळ्या पडल्या, तिलाच 'बॅटमॅन'मध्ये शिव्या का पडल्या? २०१६ पासून ही मालिका महिन्यातून दोनदा निघत होती. पुस्तकरूपाने सलग वाचताना जी पुनरुक्ती लयीसारखी वाटते, ती पंधरा पंधरा दिवस वाट पाहून हातात पडणाऱ्या वीस पानांत चालढकल वाटते. ब्रूस (म्हणजे बॅटमॅन) आणि त्याची प्रेयसी सेलिना (म्हणजे कॅटवुमन) एकमेकांना 'बॅट' आणि 'कॅट' म्हणत राहतात, आपली पहिली भेट बोटीवर झाली की रस्त्यावर यावर प्रेमाने भांडत राहतात. या भांडणाची गंमत ज्याला ठाऊक आहे त्याला ती फार मोठी वाटते, कारण १९४० च्या पहिल्या अंकात ती भेट बोटीवर आहे आणि १९८७ मध्ये फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांनी सुरुवात नव्याने सांगितली तेव्हा ती रस्त्यावर आली. म्हणजे प्रकाशकाच्या दोन आवृत्त्यांतली विसंगती किंगने प्रेमी जोडप्याच्या लाडिक तंट्यात बसवली. ज्याला हे संदर्भ माहीत नाहीत त्याला मात्र दोन मोठी माणसे एकच वाक्य टोलवत बसलेली दिसतात, आणि त्याची तक्रार खोटी म्हणता येणार नाही.

ब्रूस-सेलिनाच्या लग्नाच्या अंकाबद्दल तू लिहिले आहेस ते बरोबर आहे, फक्त एक बाब राहिली आहे. पन्नासावा अंक ४ जुलै २०१८ रोजी बाजारात आला आणि त्याच्या तीन दिवस आधीच 'न्यूयॉर्क टाइम्स'ने लग्न होत नाही हे जाहीर करून टाकले होते. त्या वेळी उसळलेल्या रागातला मोठा वाटा या फोडलेल्या रहस्याचा आणि महिनोन्महिने वाजवलेल्या सनई-चौघड्याचा होता. सुखी बॅटमॅन हा बॅटमॅन उरणार नाही या विचाराने सेलिना निघून जाते, आणि शेवटच्या पानावर या विचारामागे बेन या खलनायकाचा हात असल्याचे दिसते. कथेच्या दृष्टीने तो मध्य होता, पण तो विकला गेला शेवट म्हणून. हा दोष लेखकाच्या खात्यावर किती आणि जाहिरात करणाऱ्यांच्या खात्यावर किती, हा प्रश्न सभेत अवश्य विचार.

तरीही एवढ्याने संतापाचा उलगडा होत नाही. आपल्याकडचे उदाहरण घे. १९६७ या एकाच वर्षी मराठीत 'मृत्युंजय' आले आणि 'युगान्त'ही आले. शिवाजी सावंतांनी कर्णाला सूर्यासारखा उजळून मांडला, तर इरावती कर्व्यांनी त्याच कर्णाला कठोर तराजूत घातले. आपल्या दांडिया बाजारातल्या कित्येक घरांत ही दोन्ही पुस्तके एकाच कपाटात शेजारी शेजारी उभी आहेत. वाचक त्यांवरून भांडतात, पण सावंतांचा कर्ण कर्व्यांवर बंधनकारक नाही आणि कर्व्यांचा सावंतांवर नाही. मूळ महाभारत आपल्या जागी आहे. अमेरिकी वीरकथांचा व्यवहार याच्या उलट आहे. तिथे पात्र प्रकाशकाच्या मालकीचे असते, कथा अखंड चालू असते, आणि एका लेखकाने केलेला बदल पुढच्या प्रत्येकाला घेऊन चालावे लागते. २०१९ मध्ये 'बॅटमॅन'च्या सत्त्याहत्तराव्या अंकात बेनने बॅटमॅनचा जुना सेवक आल्फ्रेड याला मारले, ते एकट्या किंगच्या कथेत घडले नाही, बॅटमॅनच्या साऱ्या गॉथम शहरात घडले. ज्या वाचकाने तीस वर्षे आल्फ्रेडच्या हातचा चहा वाचला आहे, त्याच्यासाठी दुसरा पर्याय ठेवलेला नसतो. व्हिजनचे कुटुंब किंगने स्वतः घडवले, त्यावर कोणाचा जुना हक्क नव्हता. स्कॉट फ्रीवर होता, पण थोड्यांचा. वाद जिथे पेटला तिथे पात्र सर्वांचे होते आणि निर्णय सर्वांवर लादला जाणार होता. माझ्या मते रविवारच्या चर्चेचा कणा हा असावा. प्रत्येक बोलणाऱ्याला तू एवढेच विचार, की तुमची तक्रार पानावरच्या लेखनाविषयी आहे की तुमच्याकडून काही काढून घेतले गेले याविषयी. दुसरी तक्रारही खरीच असते, मात्र ती पहिलीचा वेश घेऊन आली की कोणालाच उत्तर देता येत नाही.

वॉली वेस्टच्या 'हीरोज इन क्रायसिस' या मालिकेला मात्र ही सवलत देऊ नकोस. किंगचे समर्थक म्हणतील की वॉली वेस्टच्या चाहत्यांचे मन दुखावले, म्हणून ते पुस्तक वाईट ठरले. वॉलीचे २०१६ मधले पुनरागमन आशेची खूण म्हणून गाजवले गेले होते, त्यामुळे मने दुखावणारच होती. पण चाहत्यांना क्षणभर बाजूला ठेवले तरी नऊ अंकांची ती मालिका स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारते. तिचा गाभा 'सॅंक्च्युअरी' नावाचे ठिकाण आहे, जिथे थकलेले, घाबरलेले वीर गुप्तपणे उपचार घेतात. नऊ चौकटींत एकेक जण समोर बसून आपले दुखणे सांगतो, आणि ती पाने, विशेषतः क्ले मॅनच्या रेखाटनात, फार चांगली उतरली आहेत. मदत मागण्यात कमीपणा नाही असे सांगायला निघालेली ही कथा शेवटी काय करते? मदत मागायला आलेल्या माणसाचाच, म्हणजे वॉलीचाच, तोल सुटतो, त्याच्या हातून सोबतच्या रुग्णांचा जीव जातो, आणि तो आळ दुसऱ्यांवर ढकलण्याचा बनावही रचतो. अपघात समजू शकतो. बनावाला मात्र कथेतून आधार मिळत नाही, रहस्यकथेला गुन्हेगार हवा होता म्हणून तो आला आहे. पुढे दुसऱ्या लेखकाने वॉलीला त्या दोषातून सोडवले, यावरूनही प्रकाशकाला आपले ओझे कळले होते असे दिसते. हे सगळे वॉलीवर तिळमात्र प्रेम नसलेल्या वाचकालाही पटवता येते, आणि म्हणून ही टीका वजनदार आहे.

विरोधकांना 'किंगला वीर आवडतच नाहीत' हे ठरलेले वाक्य वापरायचे असेल, तर त्यांच्यापुढे काइट मॅन ठेव. १९६० पासून हा पतंगवाला खलनायक म्हणजे निव्वळ टिंगलीचा विषय होता. किंगने 'बॅटमॅन'मधल्या 'वॉर ऑफ जोक्स अँड रिडल्स' या कथेच्या मधल्या एका अंकात त्याला एक लहान मुलगा दिला, आणि रिडलर या खलनायकाने पतंगाच्या दोऱ्याला लावलेल्या विषाने तो मुलगा दगावतो. त्यानंतर त्या माणसाचे 'हेल येह' हे पालुपद ऐकून हसू येत नाही. उत्तरायणात गच्चीवर मांजाने बोटे कापून घेतलेल्या आपल्या मंडळींना तो अंक समजावून सांगावा लागणार नाही. क्षुल्लक माणसाबद्दल एवढी माया असलेल्या लेखकावर द्वेषाचा आरोप टिकत नाही. त्याला मोठ्यांची मोडतोड करण्याची खोड आहे, असे म्हटले तर मी मान डोलावीन. 'स्ट्रेंज ॲडव्हेंचर्स' या त्याच्या मालिकेत तीच खोड पुन्हा दिसते आणि मला ती तिथे थोडी सवयीची झालेली वाटली.

प्रकाशकाची बाजू तू मसुद्यात घेतलेलीच नाहीस. किंगची 'ओमेगा मेन' ही मालिका मध्येच बंद होणार होती, वाचकांनी आग्रह धरल्यावर ती बारा अंकांपर्यंत चालू राहिली. म्हणजे चाहत्यांच्या ओरड्याने नेहमी नुकसानच होते असे नाही. उलट 'बॅटमॅन'चा त्याचा रन, म्हणजे त्याने लिहिलेल्या अंकांची सलग मालिका, शंभरच्या आसपास नेण्याची योजना होती, तो पंच्याऐंशीव्या अंकावर थांबवला गेला आणि उरलेली प्रेमकथा 'बॅटमॅन/कॅटवुमन' या वेगळ्या बारा अंकांत गेली. पन्नासाव्या अंकावर रागावून ज्यांनी वाचन सोडले, त्यांना संपूर्ण रनवर निकाल देण्याचा अधिकार नाही, एवढे नम्रपणे सांग.

व्यवस्थेचे थोडे. बोलणाऱ्याने अंक बरोबर आणलाच पाहिजे आणि निदान एक पान उघडून दाखवले पाहिजे, अशी अट घाल. चित्रकाराचे नाव न घेता बोलणाऱ्याला तिथेच टोक. 'द व्हिजन'चा वाल्टा, 'मिस्टर मिरॅकल'चा जेराड्स आणि 'सुपरगर्ल'ची बिल्किस एव्हली या चित्रकारांना वगळून या लेखकाचे यश मोजणे हा अर्धवट हिशेब आहे. सुरुवात 'सुपरगर्ल: वुमन ऑफ टुमॉरो'पासून करावीस, कारण त्या आठ अंकांवर दोन्ही गटांचे पुष्कळसे एकमत आहे आणि बोलण्याची रीत तिथे बसून जाईल. 'हीरोज इन क्रायसिस' चहानंतर घे. माझ्याकडची 'मिस्टर मिरॅकल'ची एकत्रित आवृत्ती शनिवारी संध्याकाळी घेऊन जा. सहाव्या अंकाशी कागदाची खूण घातली आहे.

कळावे, लोभ असावा.

तुझा
काका