पंचवीस वर्षं जुन्या गेममध्ये अजून नवे ग्लिच (गेमच्या कोडमधल्या चुका) कसे सापडतात? आणि स्पीडरनमध्ये, म्हणजे गेम कमीत कमी वेळात संपवण्याच्या शर्यतीत, ते वापरणं ही फसवणूक नाही का?

माझ्या मते उत्तम उदाहरण म्हणजे १९९८ चा निन्टेन्डो ६४ या गेम कन्सोलवरचा 'झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम'. २०१९ च्या शेवटी त्यात 'स्टेल रेफरन्स मॅनिप्युलेशन' सापडलं. नाव जड असलं तरी युक्ती समजण्यासारखी आहे. लिंक, म्हणजे गेमचा नायक, एखादी वस्तू उचलतो. खेळाडू अशी वेळ साधतो की ती वस्तू मेमरीतून पुसली जाते, पण गेमला वाटतं ती अजून लिंकच्या हातातच आहे. त्यामुळे तिची जागा आणि कोन गेम लिहीतच राहतो, आणि तोवर मेमरीच्या त्या पत्त्यावर भलतंच काहीतरी येऊन बसलेलं असतं. म्हणजे लिंक कुठे उभा आहे, कुठल्या दिशेला तोंड करून आहे, यावरून गेमचा कोड बदलता येतो! सुरुवातीला टाइप केलेलं सेव्ह फाइलचं नावसुद्धा सूचना म्हणून चालवलं जातं, आणि गेम थेट शेवटच्या श्रेयनामावलीवर उडी मारतो.

आधी सुमारे १७ मिनिटं लागणारी रन त्यानंतर सातच्या आत आली. एवढं शोधायला लोक गेमचा कोड उलगडून अक्षरशः वर्षानुवर्षं वाचत बसतात.

फसवणूक अजिबात नाही. सगळं साध्या कंट्रोलरवरून, गेमच्या मूळ प्रतीला हात न लावता होतं. ज्यांना हे नको, त्यांच्यासाठी ग्लिचशिवायची वेगळी कॅटेगरी आहेच.